कुठला डबा चांगला

आप्पांनी पिशवी टीपॉयवर उपडी केली. तीन नवीकोरी खोकी बाहेर पडली.

"हीच ती," ते म्हणाले. "ह्यांनी आपलं वाटोळं चालवलंय. कल्याणी, फोड."

मी हातातला चहा खाली ठेवला. टीव्हीला इंटरनेट जोडायची ती तीन वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं होती. बाजारात त्यांची नावं इंग्रजी आणि मोठमोठी, पण आमच्या घरात त्यांना सरसकट 'डबे' म्हणत, तेही आप्पा घरात नसताना. माळकऱ्याच्या स्वयंपाकघरात कुणी मटण आणून ठेवावं, तसे आम्ही सगळे त्या टीपॉयकडे बघत राहिलो.

कारण आमचं घर केबलवाल्यांचं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तासगावात गच्च्यांवरून आणि नारळीच्या झाडांवरून वायरी ओढल्या तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. अर्धं गाव आप्पा दाखवतील ते बघायचं. आमचं स्वतःचं लोकल चॅनेलही होतं. दुपारी एक सिनेमा, मधे साड्यांच्या सेलच्या जाहिराती, आणि चित्राखाली सरकणारी वाढदिवसाची पट्टी. 'चि. अमुकतमुक यास मामा-मामीकडून शुभेच्छा', आणि शेजारी टोपी घातलेल्या बाळाचा फोटो. त्या पट्टीत फोटो आला नाही तर लोक लग्नपत्रिका न मिळाल्यासारखे रुसायचे.

मी कॉम्प्युटरची पदवी घेऊन या घरात सून म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात आप्पांनी तक्रारींचा मोबाइल माझ्या हातात दिला. "तू शिकलेली. तुझ्याशी लोक नीट बोलतील," म्हणाले. त्यानंतर मी आंघोळीला गेले तरी तो फोन बाहेर स्टुलावर वाजत असायचा. "वहिनी, चित्र थांबलंय." "वहिनी, आवाज येतोय पण माणसं दिसंनात." सगळ्या मशिनी आमच्या खोलीच्या बरोबर वर, गच्चीवरच्या खोलीत होत्या. त्यांची घरघर छतातून अंगावर उतरायची. माहेरी गेले की त्या आवाजावाचून मला झोप लागायची नाही, आणि याचाच मला फार राग यायचा.

तर आप्पांनी डबे आणले ते सिद्धेश्वर अपार्टमेंटमुळे. गावातली सगळ्यात मोठी इमारत. तिथल्या लोकांनी केबल बंद करून डबे घ्यायचं मनावर घेतलं होतं. ती इमारत तुटली की पाठोपाठ सगळी पेठ तुटणार, हे उघड होतं.

"मेटकरी सरांशी बोललोय मी," आप्पा म्हणाले. मेटकरी सर म्हणजे तिथले चेअरमन, निवृत्त हेडमास्तर. "म्हणलं, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. समोर लावून बघा. रविवारी त्यांच्या पार्किंगमधी केबल आणि हे तिन्ही डबे शेजारी शेजारी लावायचे. कशात काय हाय, काय न्हाई, सांगायचं. आणि सांगणार कोण, तर कल्याणी."

"मी?"

"मग मी सांगू? मला ह्यातलं काय कळतंय?"

"आणि ते चांगले निघाले तर?" धनंजयनं, माझ्या नवऱ्यानं, जरा भीतभीतच विचारलं.

आप्पांनी चहाचा घोट घेतला. "चांगले असतील तर चांगले म्हणायचं. खोटं एक अक्षर बोलायचं न्हाई. सिद्धेश्वर तुटली तर मी केबल गुंडाळतो. हा माझा शब्द. मग तुमचं ते पुणं का फिणं, खुशाल जावा दोघं."

मी धनंजयकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. पुण्याचं आप्पांना कुणी सांगितलं, ते मला तेव्हाच कळलं.

पुण्याचं असं होतं. मी घरच्यांना न सांगता एका कंपनीत अर्ज केला होता. लोकांना नवी उपकरणं फोनवरून वापरायला शिकवायची, असलं काम. मुलाखत मी तक्रारींच्या त्याच मोबाइलवर, गच्चीच्या जिन्यात बसून दिली होती. रानडे नावाच्या बाई होत्या. त्यांनी मला घेतलं, आणि सोमवारी फोन करते, तेव्हा पक्कं सांगा, म्हणाल्या. धनंजयही यायला तयार होता. निदान खोलीत तरी तयार होता. मी त्याला खोलीत 'तू' म्हणायचे आणि हॉलमध्ये 'अहो', तसाच तोही खोलीत एक आणि हॉलमध्ये एक असायचा.

"हे तर देवच पावला म्हणायचं," त्या रात्री तो म्हणाला. "खरं बोलायचं आणि सुटायचं. डबे चांगलेच आहेत."

"आप्पा शब्द पाळतील?"

"आप्पांनी शब्द मोडलेला मी तरी बघितला नाही."

मीही बघितला नव्हता.

मग आठवडाभर मी ते डबे आमच्या हॉलमधल्या टीव्हीला लावून बघत बसले. पहिला डबा म्हणजे डबा नव्हताच, काठी होती. टीव्हीच्या पाठीत खुपसायची. स्वस्त, पण तापायची, आणि मधे दोन भिंती आल्या की तिचं इंटरनेट रडायला लागायचं. दुसरी काळी, गोल डबी. तिच्या रिमोटमध्ये बोललं की ती शोधून द्यायची आणि तिला मराठी कळायचं. तिसरा चौकोनी डबा दिसायला अगदीच बाबा आदमच्या काळातला. सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पण त्याला इंटरनेटची वायर थेट लागायची, त्यामुळे एकदा सुरू झाला की चित्र अडायचं नाही.

आत्या, म्हणजे सासूबाई (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात), भाजी निवडायला माझ्याजवळ येऊन बसायच्या. एकदा मी गोल डबीचा रिमोट त्यांच्या तोंडासमोर धरला. "बोला आत्या, काय बघायचंय?"

"मला काय बघायचंय?" त्या म्हणाल्या. पडद्यावर हेच वाक्य जसंच्या तसं उमटलं. आम्ही दोघी हसून हसून दमलो. पण नंतर त्या बराच वेळ तो रिमोट हातात धरून बसल्या.

आप्पा मागच्या आरामखुर्चीत असायचे. मला वाटायचं, शत्रू न्याहाळतायत. पण वळून बघितलं की त्यांची नजर टीव्हीवर नसायची. ते माझ्याकडे बघत असायचे.

"म्हातारीला कळंल असं सांग," ते मधेच म्हणायचे. "मेटकरी सरांना काय, कसंबी सांगितलंस तरी कळंल." मी आणखी सोपं करून सांगायचे. मला तर गावाबाहेर पडायचं होतं, त्यामुळे मी जीव तोडून अभ्यास करत होते. दहावीलाही केला नव्हता एवढा.

रविवारी दुपारी सिद्धेश्वरच्या पार्किंगमध्ये गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. आमचाच मोठा टीव्ही टेबलावर ठेवला होता. मेटकरी सरांच्या घरातून इंटरनेटची वायर जिन्यातून खाली सोडली होती. बायकांनी पोह्यांचा घाट घातला होता. मी साडी नेसावी असं आप्पांनी सुचवलं होतं, म्हणून मी साडी नेसले होते. धनंजय वायरी जोडत होता. आप्पा पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी घेऊन बसले होते. आत्या बायकांमध्ये मागे होत्या.

मी एकेक करून लावून दाखवलं. पहिल्यांदा आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. लोक ऐकत होते. लग्न होऊन आल्यापासून या गावातल्या माणसांनी मला फक्त 'चित्र येईना' एवढंच सांगितलं होतं. मी काही सांगतेय आणि ते माना डोलवतायत, असं कधी झालं नव्हतं.

"टीव्ही जुना असेल तर काठी घेऊ नका," मी म्हणाले. "घरात म्हातारी माणसं असतील, डोळ्यांनी कमी दिसत असेल, तर गोल डबी. त्यांनी नुसतं बोलायचं. आणि घरात क्रिकेटवाले असतील तर चौकोनी डबा. ऐन षटकात चित्र अडकलं तर घराघरांत मारामाऱ्या होतील."

लोक हसले.

"आणि केबल?" मेटकरी सरांनी विचारलं.

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा टोपीकडे बघत होते.

"केबलला काही शिकावं लागत नाही," मी म्हणाले. "बटण दाबलं की चित्र. इंटरनेट गेलं तरी केबल चालते. पण लावलंय ते बघायचं. तुम्हाला हवं ते, हवं तेव्हा, असं नाही."

हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. ते बरोबर लागलं. मागून कुणीतरी "खरंय" म्हणालं. मेटकरी सरांनी चष्मा काढला आणि पुसला. "मग मंडळी, आता हात वर करून—"

"थांबा वो सर," कोळेकर आजी म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. "माझ्या नातवाचा वाढदिवस आलाय. त्याचा फोटू पट्टीवर येतो. त्यो ह्या डब्यात दिसंल का?"

पार्किंगमध्ये चुळबुळ झाली. "होय की, आपल्या रथोत्सवाचं काय?" "आणि शाळेच्या गॅदरिंगचं?" लोक एकमेकांकडे वळून बोलायला लागले. 'नाही' म्हटलं तर खरंच होतं, पण अर्धे हात खाली राहणार होते. पुणं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते एका टोपी घातलेल्या पोराच्या फोटोवर अडून बसलं होतं.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही.

"दिसेल की आजी," मी म्हणाले. "आपलं लोकल चॅनेल इंटरनेटवर टाकलं की या तिन्ही डब्यांत दिसेल. नुसतं तासगावातच नाही. तुमचा लेक दुबईला असतो ना? त्यालाही तिथं बसून पोराचा फोटो दिसेल."

आजींचा चेहरा एकदम फुलला. "दुबईत?"

"अहो, कुठेही."

"पण हे करणार कोण?" मेटकरी सर म्हणाले. "आणि एवढ्या घरांना इंटरनेट?"

"त्यात काय अवघड आहे? आप्पांच्या वायरी घराघरांत गेल्याच आहेत. त्याच वाटेनं इंटरनेटची वायर—"

तिथं मी थांबले. पण वाक्य तर झालं होतं. आप्पा उठले. टोपी डोक्यावर घातली.

"ऐका," ते म्हणाले. "मी घरात शब्द दिलावता, की ही इमारत तुटली तर केबल गुंडाळीन. गुंडाळली. तुमी हातबी वर करू नका. येत्या महिन्यापास्नं इंटरनेट आमचं, डबा तुमच्या पसंतीचा, आणि घरात येऊन बसवून देणार, शिकवणार ही आमची कल्याणी."

टाळ्या पडल्या. कोळेकर आजींनी तर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मेटकरी सर म्हणाले, "आप्पा, अशी सून असताना आम्ही कंपन्यांच्या दारात कशाला जातोय!"

आप्पा माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता. "काय गं, जमंल न्हवं?"

मी धनंजयकडे बघितलं. तो वायर हातात धरून हसत होता. खोलीतला नाही, हॉलमधला.

"जमेल," मी म्हणाले. एवढ्या लोकांत सासऱ्याला नाही म्हणणारी सून तासगावात अजून जन्मायची होती.

घरी आल्यावर पेढे आले. शेजारपाजारचे आले. सगळे मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि मी चढलेली बसले होते, उतरायला वाट दिसत नव्हती. खोलीत गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"पुण्याचं काय?" मी विचारलं.

"अगं, आता कशाला पुणं?" धनंजय म्हणाला. "तिथं जाऊन तू लोकांना डबे वापरायलाच शिकवणार होतीस ना? इथं आपल्याच गावात शिकव. आपलं स्वतःचं. काय बोललीस गं आज! मला माहीतच नव्हतं."

तो खोटं बोलत नव्हता. तो मनापासून खूश होता. तो खोटं बोलत असता तर मी भांडले तरी असते.

स्वयंपाकघरात आत्या उरलेले पेढे डब्यात भरत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि एकदम रडू आलं. त्यांनी दार लोटलं.

"त्यांनी आयत्या वेळी फिरवलं," मी म्हणाले. "आप्पांनी. आणि मीच त्यांच्या हातात दिलं."

"आयत्या वेळी?" आत्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यातच सांगलीच्या माणसाशी बोलणं झालंय त्यांचं, इंटरनेटच्या लाइनीचं. केबल बुडणार, हे त्यांना काय कळत न्हाई? फकस्त चालवणार कोण, तेवढंच अडलंवतं. धनंजयला चार माणसांत बोलता येत न्हाई, ते तुलाबी ठावं हाय."

मला काही कळेना. "मग ते डबे? ती तुलना?"

"डबे न्हवते गं बघत ते." आत्यांनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "तुला बघत होते. चारचौघांत कशी बोलतीस, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळतंय का, लोकांना आवडतीस का. साडी नेसायला लावली, पोहे केले. मला आयुष्यात एकदाच दाखवलं होतं बाई. तुला दोनदा."

आठवडाभर पाठीमागच्या आरामखुर्चीतून त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि मी मूर्खासारखी आणखी सोपं, आणखी चांगलं करून दाखवत होते. डबे एकमेकांशी ताडून बघणारी मी, आणि मला ताडणारा माणूस मागे चहा पीत बसलेला.

"उद्या फोन येणार न्हवं त्या बाईचा?" आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "येते म्हण. पिशवी भर आणि गाडीत बस. हिकडचं मी बघते."

"एकटी?"

"मग काय वरात पायजे?"

"आप्पा काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला म्हणतील. मला सवय हाय."

सोमवारी सकाळी आप्पा हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. मला बघून म्हणाले, "रातभर विचार केला. तू तक्रारीचा फोन आता घेऊ नको. त्याला माणूस ठेवू. तुझं काम मोठं." आणि परत पेपरात डोकं घातलं. ते चांगले होते, हीच पंचाईत होती. वाईट माणसापासून पळून जाता येतं.

फोन आला तेव्हा मी मागच्या गॅलरीत गेले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी न सांगताच त्यांनी माझी पिशवी भरून दाराआड ठेवलेली मला दिसली.

"मग कल्याणी, कधी जॉइन होताय?" रानडे बाई म्हणाल्या.

मी आत बघितलं. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. दाराला कडी नव्हती. धनंजय बाहेर शिडीवर चढून कसलीशी वायर सोडवत होता आणि शीळ घालत होता. पुण्यात मी कानाला हेडफोन लावून एका रांगेत बसले असते, आणि मला कुणी दृष्ट लागेल म्हणून बोटं मोडली नसती. हे मला तेव्हा, त्या गॅलरीत सुचलं, आणि ते सुचलं याची मला भयंकर चीड आली. पण ते खरं होतं. त्या पार्किंगमधल्या टाळ्या मला आवडल्या होत्या.

"नाही जमणार मला, मॅडम," मी म्हणाले.

"घरून परवानगी नाही का?"

"नाही नाही. घरचे काहीच म्हणत नाहीत."

आज अर्ध्याहून जास्त तासगावात मी बसवलेले डबे आहेत. बाजारात बायका मला थांबवून विचारतात, वहिनी, कुठला चांगला? मी सांगते, आणि चांगलं सांगते. आप्पा गेले तेव्हा आमच्या चॅनेलवर त्यांच्या श्रद्धांजलीची पट्टी मीच टाकली, आणि ती दुबईतही दिसली. खोलीच्या वरच्या मशिनी बदलल्या, पण घरघर तीच आहे. सकाळी उठले की आधी तीच ऐकू येते.

त्या सोमवारी फोन ठेवून मी आत आले तेव्हा आत्या तिथंच होत्या.

"काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रागावतील, नाहीतर जवळ घेतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. दाराआडची पिशवी उचलून आमच्या खोलीत आणली, माझ्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि पलंगावर ठेवल्या.

"तुझ्या जागी मी असते तर गेले असते, असं म्हणत न्हाई मी," त्या म्हणाल्या. "पण तू गेली असतीस, तर मला लई बरं वाटलं असतं."